उणे एकशे अठ्ठावीस मीटरचं मोहाचं झाड

योगराजचं म्हणणं असं, की देवाने त्याला हात दिले ते मशीनसाठीच. शेतातली मोटर, घरचा मिक्सर, टीव्हीचा रिमोट, सगळं त्याने स्वतः उघडून दुरुस्त केलेलं. मिक्सर तेव्हापासून भांडं काढून ठेवलं की फार छान चालतो, पण ते जाऊ द्या.

तर त्या रविवारी सडक अर्जुनीजवळच्या त्याच्या गावात मोठी मोजणी होणार होती. योगराजच्या अंगणाला लागून जुनं मोहाचं झाड, अन् पलीकडे जमुनाबाईचं घर. जमुनाबाईने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, की हे झाड एक दिवस मला झोपेतच घेऊन जाणार. इकडे योगराजचा जीव त्या झाडात. आईचं बोट धरून त्याने त्याखाली फुलं वेचली होती, अन् आई गेल्यावरही एक उन्हाळा त्याने चुकवला नव्हता. झाड तोडायचं नाव काढलं की एवढा दांडगा माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी सरपंच मंजूताईंनी ठराव केला. झाड मोजायचं. पडलं तर कुणाच्याही छपरापर्यंत पोहोचत असेल तर तोडायचं, नाहीतर राहू द्यायचं. जमुनाबाईची भिंत झाडापासून सोळा मीटरवर होती, म्हणजे झाड सोळाच्या आत भरलं की सुटलं.

आता मोजणार कोण? योगराजची मुलगी पुष्पांजली! गोंदियाला सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. जमुनाबाईनेही हरकत घेतली नाही. पोरगी बापावर गेलेली नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सकाळी पुष्पांजली आंघोळीला गेली अन् तिचा कॅल्क्युलेटर खाटेवर राहिला. एवढी बटनं एका जागी पाहून योगराजला राहवेना. त्याने सहज सात भागिले दोन दाबलं. उत्तर आलं, वर सात, मध्ये रेघ, खाली दोन.

"हा तं मी विचारलं तेच मले विचारून राहिला," योगराज म्हणाला.

मशीन बिघडलेलं, अन् आज झाडाचा निकाल! त्याने शिफ्ट दाबलं, मोड दाबलं. एक यादीच उघडली. त्यातलं दोन दाबून पुन्हा भागाकार केला तर चक्क तीन पॉइंट पाच. झालं, इथेच थांबायचं ना? पण योगराज काम अर्धवट सोडत नाही. त्याने यादीतलं चारही दाबून पाहिलं. मग सहा दाबलं, तर मशीनने शून्य ते नऊमधला एक आकडा मागितला. शून्याने कुणाचं वाईट होत नाही म्हणून त्याने शून्य दिला. आता सात भागिले दोनचं उत्तर आलं चार. पॉइंटच्या मागचा सगळा कचरा साफ! त्याने कॅल्क्युलेटर धोतराच्या सोग्याने पुसला अन् जिथल्या तिथे ठेवला.

दहा वाजता झाडाखाली अर्धं गाव जमलं. जमुनाबाईचा पुतण्या रोशन कुऱ्हाड घेऊनच आला होता. पुष्पांजलीने टेप धरून झाडापासून बरोबर वीस मीटरवर उभं राहून कोनमापकातून शेंड्याकडे पाहिलं. तीस अंश. तिने सगळ्यांना समजावून सांगितलं, की कोन अन् अंतर कळलं की उंची निघते, त्यात फक्त आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. लोकांनी माना डोलावल्या. तिने बटनं दाबली, अन् तिचं तोंड उतरलं.

मंजूताईंनी वाकून पाहिलं अन् मोठ्याने वाचलं. उणे एकशे अठ्ठावीस.

म्हणजे झाड जमिनीच्या आत एकशे अठ्ठावीस मीटर! एक म्हातारा खरंच बुंध्याजवळ जाऊन खाली पाहून आला. पुष्पांजलीच्या कपाळावर घाम आला. सगळं गाव बघत असताना डोकं चालतं का कुणाचं? ती मागे सरकून बत्तीस मीटरवर गेली अन् पुन्हा कोन घेतला. वीस अंश. पुन्हा बटनं. या वेळी आलं बहात्तर.

बहात्तर मीटर! एवढं झाड पडलं तर जमुनाबाईच्या घराचं सोडा, तीन घरं ओलांडून देवळाच्या ओट्यावर टेकलं असतं. जमुनाबाईने कपाळाला हात लावला. मी वाचली कशी इतकी वर्षं, असं ती ज्याला त्याला विचारू लागली. कुणी म्हणालं, पोरगी शहरात काय शिकते कोण जाणे. रोशनने कुऱ्हाडीची धार अंगठ्याने पाहिली.

योगराजला सकाळची बटनं आठवली. बोललो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. नाही बोललो तर झाड जाईल, अन् पोरीचं नावही. त्याने झाडाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"पोरीची चूक नाही," तो म्हणाला. "मशीनची बी नाही. सकाळी मीच त्याले सुधरवलं."

पुष्पांजलीने आधी बापाकडे पाहिलं, मग पडद्याच्या वरच्या कडेला. तिथे बारीकसं आर अक्षर. ती कोन अंशात देत होती, अन् मशीन तो रेडियनमध्ये, म्हणजे भलत्याच मापात, धरून बसलं होतं. तिने शिफ्ट, मोड, तीन दाबलं, पॉइंटही जागेवर आणला. झाड निघालं साडेअकरा. डोळ्यांची उंची दीड मिळवून तेरा मीटर! लोक हसले, हसले अन् पोट धरून हसले. योगराजही हसला, कारण झाड वाचलं होतं. त्याने सगळ्यांसमोर बुंध्याला मिठी मारली.

जमुनाबाई मात्र हसत नव्हती. तिने टेपचं टोक उचललं, बुंध्यावर धरलं अन् पुष्पांजलीला दुसऱ्या बाजूने चालायला लावलं. योगराजचं घर बरंच मागे होतं, पण टेप त्याआधीच जाऊन टेकला त्याच्या गोठ्याला. नऊ मीटर.

"ठरावात कुणाच्याही छपराचं म्हटलं होतं ना, मंजूताई?" जमुनाबाई म्हणाली.

मंजूताईंनी कागद काढून वाचला. म्हटलं होतं. रोशनने पुन्हा कुऱ्हाड उचलली, तसा योगराज झाडापुढे आडवा उभा राहिला.

"झाड नाही तुटणार," तो म्हणाला. "छप्परच नाही राहिलं तं पडन कशावर?"

दुपारी योगराज बैल बाहेर बांधून आपल्याच गोठ्यावर चढला होता अन् छपराचं एकेक कवेलू उतरवत होता. जमुनाबाईने झाडाखाली खाट टाकली होती. आता तिला कसली भीती नव्हती.

"हळू काढ गा योगराज," ती खालून सांगत होती. "फोडू नको. माह्या न्हाणीले लागतेत."