दामूकाकांची निशाणं

दामूकाका हरड आमच्या घरी पहिल्यांदा आले ते चहाला नव्हे, आमचा कचरा वजन करायला.

लग्न होऊन सापगावात येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. सकाळी मागच्या दारी भांडी घासत होते, तर खाकी हाफ पँट, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला तीन पेनं अशा वेशातला एक सत्तरीचा माणूस आमच्या कचऱ्याच्या डब्याला ताणकाटा लावून उभा. काटा स्थिर होईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "काल पाव्हणे होते काय गो?"

होते. माझेच आईवडील होते.

"वाटलाच. हाडं जास्ती हायत," असं म्हणून ते पुढच्या घरी गेले. मी आत जाऊन सासूबाईंना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "दामूभाऊजी. चांगला माणूस हाय." आणि पुन्हा वालाच्या शेंगा सोलायला लागल्या. एवढ्याने सगळा खुलासा झाला, असा त्यांचा चेहरा होता. माझा काहीच झाला नव्हता.

पुढे मी ग्रामपंचायतीत क्लार्क म्हणून लागले, तेव्हा दामूकाका रोजचेच झाले. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका पावाच्या कारखान्यात त्यांनी सगळी उमर फिटर म्हणून काढली होती. पीठ मळून झालं की पावाचे साचे एका लांब सरकत्या पट्ट्यावरून भट्टीत जातात आणि दुसऱ्या टोकाला भाजून बाहेर येतात. तो पट्टा चालू ठेवणं हे काकांचं काम. सकाळची मुरबाडची एसटी धरायची आणि दिवसभर पावाच्या मागे चालायचं. निवृत्त झाल्यावर पाव सुटले, पट्टा काही डोक्यातून सुटला नाही. मग त्यांनी गावातला कचरा हातात घेतला.

गोंधळ असा, की काका बोलताना दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरायचे. माल.

"सूनबाय, वळणावर गोळा होतो. वळणाला पट्टा रुंद पायजे."

"काय गोळा होतं, काका?"

"माल."

"कोणता माल? पाव की कचरा?"

ते माझ्याकडे दयेने बघायचे. "माल तो माल. आत जातो तवा पाव, भायेर येतो तवा कचरा. मधी फक्त माणूस हाय."

त्यांचे अर्ज तर आणखी कठीण. पावाच्या वेष्टनाच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढलेली, बाणच बाण, आणि खाली सुवाच्य अक्षरात 'आपला नम्र'. एकदा मी आवक रजिस्टरमध्ये विषय लिहिला 'पाव संकलन योजना' आणि मासिक सभेत तो तसाच वाचला गेला. दोन सदस्यांनी या योजनेला मनापासून पाठिंबा दिला. पाव घरपोच मिळणार, असंच त्यांना वाटलं होतं.

खरी योजना होती वरच्या आळीची. आमच्या गावात एक आळी चढावर आहे. तिथे पायऱ्या आहेत, त्यामुळे कचऱ्याची घंटागाडी वर जात नाही. बायाबापड्यांना डबा घेऊन खाली यावं लागतं. काकांनी कारखान्याने टाकून दिलेला एक जुना पट्टा कुठूनतरी टेम्पोत घालून आणला, बांबूच्या रुळांवर चढवला आणि वरच्या आळीपासून रस्त्यापर्यंत लावला. वर एक सायकल. कुणीतरी पायडल मारायचे, की पट्टा सरकून कचरा आपोआप खाली गाडीत.

उद्घाटनाला सरपंच वनिताताई आल्या. काका म्हणाले, "पयला स्वच्छ माल सोडतो. चाचणी."

वरून पाव यायला लागले. एकामागे एक, सारख्या अंतराने, अगदी शिस्तीत. वनिताताई खाली उभ्या राहून एकेक पाव झेलून टोपलीत ठेवत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. एवढ्यात वर कुणाला तरी वाटलं चाचणी झाली, आणि त्याने डबा ओतला. ताईंनी पुढचा पाव म्हणून जे झेललं ती सुकटीची डोकी होती. त्यांच्या अंगावर नवी पैठणी होती. त्यांनी हातातल्या गोष्टीकडे, मग काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरमध्ये बघितलं.

पट्टा दुसऱ्याच दिवशी उतरवला. ताई मनाने चांगल्या, म्हणाल्या, "काका, दुसरा कायतरी करा. छोटा करा. सरकणारा नको."

म्हणून निशाणं आली.

ही कल्पना मात्र मलासुद्धा कळली. दारापुढे एक बांबू आडवा, मधोमध टेकू, जत्रेतल्या खालीवर होणाऱ्या फळीसारखा. एका टोकाला कचऱ्याचा डबा, दुसऱ्या टोकाला दगड आणि त्यावर लाल फडक्याचं निशाण. डबा भरला की जड होऊन खाली बसतो, दगडाचं टोक वर जातं, निशाण दिसतं. घंटागाडीचा ड्रायव्हर संतोष खालूनच बघणार आणि जिथे निशाण वर असेल तेवढेच डबे उतरवायला हाक मारणार. कोणत्या घराला किती जड दगड लावायचा, हे काकांच्या वहीत होतं. ती सगळी वजनं त्यासाठीच घेतली होती, हे मला तेव्हा समजलं.

पहिल्या आठवड्यात कोंबड्या डब्यांवर बसल्या आणि अख्खी आळी लाल झाली. शहापूरहून येणारे लोक एसटीतून वाकून विचारायचे, कुणाची सभा हाय? पण हळूहळू ते जमलं आणि गावभर पसरलं. बायकांचे हेलपाटे वाचले. संतोषही खूश होता. फक्त एका घराबद्दल त्याची तक्रार होती.

"मॅडम, त्या भागीआजीचा निशाण रोज वर," तो एकदा ऑफिसात येऊन म्हणाला. "तिला पायऱ्या उतरवत नायत, म्हणून मी तंगड्या तोडून वर जातो, तर डब्यात काय? एक कांद्याचा सालपाट आन् चहाची पावडर. काकांनी तिला दगडच एवढा लावलाय." त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

भागीआजी वरच्या आळीत एकटीच राहते. मुलगा कल्याणला. मी काकांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. तिचा निशाण रोज वर गेलाच पायजे."

"पण डबा रिकामा असतो ना!"

"रिकामा नसतो. सालपाट असतो."

असे हलके दगड त्यांनी गावात पाचसहा घरांना लावले होते. शिवाय त्यांची आणखी एक खोड होती. रोज सकाळी नऊच्या सुमाराला ते या घरांवरून फेरी मारायचे आणि जिथे निशाण वर असेल तिथे ढुंकूनही बघायचे नाहीत. जिथे खाली असेल तिथे मात्र थांबून कडी वाजवायचे. कुणी दार उघडलं की, "काय नाय, दगड बघाया आलो," म्हणून पुढे जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना आपलंच यंत्र उलटं समजलंय. संतोषलाही तेच वाटायचं. शेवटी सभेत ठरलं, की ज्या घरांत कचराच नाही तिथली निशाणं काढून टाकायची. ठराव मीच लिहिला. काकांना मीच सांगितलं. ते नुसते खिशातलं एक पेन काढून दुसऱ्या जागी लावत राहिले.

निशाणं काढायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी नुकतंच ऑफिस उघडलं होतं. काका धापा टाकत दारात.

"सूनबाय, भागीचा निशाण वर नाय."

मी म्हटलं, "बरंच झालं की काका. संतोषची एक खेप वाचली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी इतकं बिनडोक काही बोलले असेन यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "अगो, कालपण नव्हता, शेजारीण बोलली. काल मी खर्डीला लग्नाला गेलो. आता कडी वाजवली तर आतून आवाज नाय. दार आतून लावलंय. चल."

आम्ही पायऱ्या चढलो. चढलो म्हणजे ते पुढे पळत होते आणि मी मागे. संतोषची गाडी खाली उभीच होती, तोही आला. त्याने खांदा लावून दार उघडलं. भागीआजी मोरीत पडली होती, भिंतीला टेकून, एक पाय वाकडा. डोळे उघडे होते. तिने काकांना ओळखलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दामू, पाणी दे रे."

काकांनी तिला चमच्याने पाणी पाजलं. जीप यायला अर्धा तास लागला असता, म्हणून संतोषने घंटागाडीच्या केबिनमध्ये गोधडी अंथरली. काका आणि मी मागे कचऱ्याच्या हौद्यात उभे राहिलो. सगळा रस्ता ती गाडीतली घंटा आणि ते कचरा द्या कचरा द्या गाणं वाजत होतं. ते बंद करायचं बटण घाईत संतोषला सापडतच नव्हतं. शहापुरात लोक डबे घेऊन दारात यायचे आणि तशीच निघून जाणारी गाडी बघत राहायचे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं.

भागीआजीचा मुलगा येईपर्यंत आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. मी म्हटलं, "काका, तुम्हाला कसं सुचलं हे?"

ते पावांबद्दल बोलायला लागले. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"पट्ट्यावर पाव येताना बघायचा नसतो," ते म्हणाले. "येणारा येतोच. मधी जागा रिकामी गेली तर बघायचा. तिथं कायतरी अडकलेला असतो. मना ते बरोबर दिसायचा. कंपनीत सगळे बोलायचे, हरडला गॅप दिसतो." ते थांबले. "शेवंताचा दिसला नाय."

शेवंता म्हणजे त्यांची बायको. ती गेली हे मला माहीत होतं, कशी ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"तवा भट्टीपाशी पट्टा तुटला व्हता. मी रातभर आन् दुसरा दिवसभर तिथंच थांबलो. घरी आलो दुसऱ्या संध्याकाळी. ती चुलीपाशी पडलेली. डॉक्टर बोलला, कालच सकाळी झाला असंल. शेजारी सगळे होते गो. कुणाला काय कळणार? दार लोटलेला, आतमधी हाय असाच वाटणार." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "नंतर मी कचऱ्याचा डबा बघितला. कोरडा होता. आदल्या दिवसापासून त्यात कायपण पडला नव्हता. तो कुणी बघितला असता तर."

ज्या हाताने मी ठराव लिहिला होता, तो हात मी पदराखाली घेतला.

सोमवारी वनिताताईंनी तो ठराव स्वतःच रद्द करवला. आता संतोष एकट्या माणसांच्या घरची खाली असलेली निशाणं आधी बघतो आणि वर असलेली मागाहून. भागीआजी काठी घेऊन चालते आणि काकांनी लावलेला दगड फारच हलका आहे, असं सगळ्यांना सांगते.

ठराव रद्द झाला त्याच आठवड्यात मी काकांच्या घरावरून गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या सापगावात एकाच दारापुढे बांबू नाही. मी विचारलं, "तुमचं निशाण कुठाय?"

काका गोंधळले. त्यांना गोंधळलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. "माझा? माझा कशाला? फेरी तर मीच मारतो."

"तुम्ही पडलात तर फेरी कोण मारणार?"

ते खिशातली पेनं चाचपत राहिले. मी म्हटलं, "लावा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघत जाईन."

तासाभरात त्यांनी बांबू लावला. मी घरी जाऊन खिडकीशी उभी राहिले. पलीकडून त्यांची हाक आली, "दिसतोय काय गो?"

मधे शेजाऱ्यांचा फणस होता. त्याच्या पानांशिवाय मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी बांबू डावीकडे सरकवला असावा, मग उजवीकडे, मग बहुतेक पडवीच्या कौलांवर चढले, कारण कौलं वाजली. या वयात.

"आता दिसतोय?"

"दिसतोय, काका!" मी ओरडले. "एकदम स्पष्ट. खाली उतरा."

तेव्हापासून मी रोज सकाळी ऑफिसला काकांच्या दारावरून, लांबच्या वाटेने जाते.