मोरीत गेलेलं लूर्द

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला. खिरीत मीठ घातलं. एसटीतून उतरताना गाठोडं आधी खाली टाकलं आणि स्वतः उतरायच्या आत गाडी सुटली. पण हे सगळं किरकोळ. माझा खरा, मोठा, ठेवणीतला मूर्खपणा मी एकोणीस वर्षांची असताना केला. सात समुद्र ओलांडून फ्रान्सहून आलेलं लूर्दचं पवित्र पाणी मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या मोरीत ओतलं. वर वास राहू नये म्हणून दोन तांबे नळाचं पाणी सोडलं. आणि मग कमरेवर हात ठेवून, देवानं मला एवढं धैर्य दिलं म्हणून त्याचे आभार मानले.

ज्यांचं ते पाणी होतं ते पास्कूमामा आमचे शेजारी. गोव्याचे कॅथलिक, रेल्वेत ड्रायव्हर. खांदे असे रुंद की क्वार्टरच्या दारातून ते जरा तिरके होऊनच आत जायचे. कानाच्या पाळीमागं कोळशाची एक रेघ कायमची. वीस वर्षं दौंडात काढल्यामुळं बोलणं आमच्याच वळणाचं झालेलं, मध्येच एखादा 'गो' नाहीतर 'बाय' यायचा तेवढाच.

पुढच्या स्टेशनानं परवानगी दिल्याशिवाय गाडी सोडायची नसते. त्या परवानगीला रेल्वेतली माणसं 'लाइन क्लिअर' म्हणतात. गाडीसाठी पास्कूमामा ती स्टेशनमास्तरकडून घेत आणि बाकी सगळ्यासाठी सायबिणीकडून. सायबीण म्हणजे येशूची आई, मरिया. पपई लावायची, सायबिणीला विचारलं. केस कापायचे, सायबिणीला विचारलं. एकदा आमच्या ह्यांनी हौसेनं त्यांना जेवायला बोलावलं, तर मामा म्हणाले, "थांब जरा," आणि कुंपणापाशी जाऊन आले. "येतो. पण वांगं नको म्हणते."

"कोण म्हणते?"

"सायबीण. मला पित्त होतं, तिला ठाऊक हाय."

ही सायबीण राहायची त्यांच्या अंगणात, रुळांच्या बाजूच्या कुंपणाला लागून. इंजिनाच्या भट्टीत कोळसा जळला की जे काळे, खडबडीत, भोकाभोकांचे गोळे मागं उरतात त्यांना शेडमध्ये क्लिंकर म्हणतात. ते कुणाच्या काही कामाचे नसतात. पास्कूमामा रोज ड्यूटीवरून येताना त्यातला एक कापडात बांधून आणायचे. असे गोळे आणून आणून, मध्ये सिमेंट थापून, त्यांनी पुरुषभर उंचीची एक गुहा उभी केली होती. गुहेत प्लास्टरची मूर्ती. पांढरा झगा, कमरेला निळा पट्टा, दोन्ही पावलांवर एकेक पिवळा गुलाब. रुळांवरून दिवसभर इंजिनं जात, त्यामुळं संध्याकाळपर्यंत सायबिणीचं नाक काळं व्हायचं. मामा घरी आले की आधी तिचं तोंड पुसायचे, मग स्वतःचं धुवायचे.

आणि मी? मीही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी. आमच्या प्रार्थनामंदिरात चार भिंती, एक टेबल आणि त्यावर पवित्र शास्त्र. मेणबत्तीसुद्धा दिवे गेले तरच. मूर्ती म्हणजे थेट 'मूर्ती करू नको' या देवाच्या दुसऱ्या आज्ञेचा भंग! लग्न होऊन दौंडला आले आणि शेजारी पाहते तो ही गुहा. पहिले सहा महिने मी बाहेर जाताना मान दुसऱ्या बाजूला वळवून जायची. मला वाटायचं, माझी ही निष्ठा स्वर्गातून दिसत असणार.

मामांना ती कुंपणावरूनच दिसली.

"बाय, मान लचकंल तुझी. सायबीण काय चावत न्हाई."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "मामा, आमच्याही शास्त्रात मरिया आहे. पण ही गुहेत कशाला?"

मामांनी हातातला फडका खाली ठेवला, टोपी काढली. एवढा मोठा माणूस, पण गोष्ट सांगताना आवाज असा उतरला की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"फ्रान्स देशात लूर्द म्हणून गाव हाय. तिथली एक पोर. बाप गिरणीवाला, धंदा बुडालेला, घरात चूल पेटायची मारामार. पोर लाकडं गोळा करायला गेली नदीकाठी. तिथं गुहा. गुहेत ही उभी! पोरीला म्हणाली, हितं उकर. पोरीनं हातांनी उकरलं, तर नुसता चिखल. तोंडाला चिखल लागला, लोक हसले. आन् मग त्या चिखलातनं पाणी आलं. अजून वाहतंय, बाय. आंधळे, लुळे, सगळे जातात तिथं. अठरा वेळा आली ही. अठरा! आमच्या फोरमनला अठरा वेळा हाक मारली तरी एकदा येत न्हाई."

मी हसले. पण खरं सांगते, घरी आल्यावर पीठ मळता मळता माझे हात थांबले. तो तोंडाला लागलेला चिखल माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मामांना लूर्द का हवं होतं, ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. रोझामामी, त्यांची बायको, पाच वर्षांपूर्वी तापानं आजारी पडली. ताप उतरला, पण पायांतली ताकद गेली. तेव्हापासून ती खिडकीशेजारच्या खाटेवर. मूलबाळ नाही. मामा मेलगाडीचे ड्रायव्हर व्हायच्या बेतात होते, तो मान सोडून त्यांनी यार्डातलं शंटिंग मागून घेतलं, म्हणजे डबे पुढं-मागं ढकलायचं काम. मेल चालवू शकणारा माणूस दिवसभर दौंडच्या यार्डात दोन फर्लांग इकडं, दोन फर्लांग तिकडं! लोक हसायचे. मामा म्हणायचे, "मेलला सायबिणीनं लाइन क्लिअर दिलं न्हाई."

त्यांचं शंटिंगचं इंजिन कुंपणाजवळून गेलं की एक बारीकशी शिट्टी व्हायची. ती सायबिणीला, असं सगळे म्हणायचे. रोझामामीची खिडकी मात्र गुहेच्या बरोबर मागं होती.

आता बाटलीकडं येते.

त्या वर्षी जानेवारीत क्वार्टरांना चुना मारायला माणसं येणार होती. आदल्या दिवशी पास्कूमामा आमच्या मागच्या दारानं आले. कधी मागच्या दारानं न येणारा माणूस! इकडं तिकडं पाहिलं आणि कोटाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढली.

"बाय, ही ठेव. घरात चुनेवाले नाचणार, फुटायची. अकरा फेब्रुवारीच्या आधी नेईन. एक थेंब सांडू नको. आन् कुणाला बोलू नको, न्हाईतर सगळी कॉलनी वाटी घेऊन दारात येईल."

एवढं बोलून गेले.

मी कागद उघडला. बाटली विलायती. लेबलावर शिडाचं जहाज. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. आठवड्यापूर्वीच पोलिसांनी आमच्या मागच्या ओळीत झडती घेतली होती. माझ्या डोक्यात भराभर हिशेब जुळले. गोव्याचा माणूस, मागचं दार, कोटाखाली बाटली, आणि वाटी घेऊन येणारी कॉलनी!

तरी मी न्यायी होते. बूच काढून वास घेतला. दारूचा वास कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. पण हा वास मला ठाऊक नव्हता, म्हणजे तो दारूचाच, असा माझा सिद्धांत. शिरूरच्या शाळेत दहाव्या वर्षी मी दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली होती, सहीनिशी. तिला आता कुठं काम मिळालं होतं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मोरी, दोन तांबे पाणी, आणि कमरेवर हात.

बाटली मात्र राखेनं घासून ठेवली. पुढं रॉकेल भरायला चांगली होती.

ह्यांना काही बोलले नाही. मामांना चार शब्द सुनवायचे मनात जुळवून ठेवले. दहा फेब्रुवारीला संध्याकाळी मामा आले. दाढी केलेली, अंगात पांढरा ड्रिलचा कोट.

"दे बाय, बाटली."

मी पदर खोचला. "मामा, आधी सांगा, त्या बाटलीत काय होतं?"

"तुला सांगितलं न्हाई मी? हसशील म्हणून न्हाई सांगितलं." त्यांनी टोपी काढली. "लूर्दचं पाणी हाय. माझा मावसभाऊ बोटीवर असतो. बोट फ्रान्सला लागली, तर चार दिवसांची रजा काढून गेला गुहेपाशी. रोझासाठी. उद्या सायबिणीचा सण. उद्या रोझाच्या पायांवर घालणार."

जुळवलेले चार शब्द कुठं गेले कुणास ठाऊक. तोंडातून एवढंच आलं, "थांबा, आणते."

आत गेले आणि बाटली नळाखाली धरली. तो नळ आणि इंजिनांना पाणी भरायचा नळ एकाच टाकीवरचे. शपथ पाळणारी मास्तरांची मुलगी! बाटली पुसून, कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली. मी मान न वळवता कुंपणाशी उभी राहिले. मान वळवण्याचा हक्क मी गमावला होता. मामा रोझामामीला उचलून बाहेर घेऊन आले. मी तिला खिडकीतून पाहिलं होतं, उजेडात कधी नाही. लहानखुरी, गोरी, निळ्या फुलांचा झगा, आणि वेणी एका बाजूला कललेली, कारण ती मामांनी घातली होती. इंजिन हाकणारे ते हात, पण तिला असे धरून होते की जणू काठोकाठ भरलेलं भांडं नेतायत. तिला गुहेसमोर खुर्चीवर ठेवलं. चार मेणबत्त्या लावल्या. सगळ्यांनी कोंकणीत एक गाणं म्हटलं. मग मामा गुडघ्यांवर बसले, मांडीवर तिची पावलं घेतली आणि बूच काढलं.

यार्डातसुद्धा त्या वेळी एक इंजिन बोलत नव्हतं. क्लिंकरच्या त्या काळ्या भोकाभोकांत मेणबत्त्यांचा उजेड शिरला होता आणि सगळी गुहा आतून पेटल्यासारखी दिसत होती. जळून फुकट गेलेला तो कोळसा! प्रार्थनेचे सगळे नियम विसरून मी मनात ओरडले, "प्रभू, काना गावी तू पाण्याचा द्राक्षारस केलास. मी द्राक्षारस मागत नाही, दारूला न शिवण्याची मी शपथ घेतलेली आहे. फक्त या नळाच्या पाण्याचं लूर्द कर!"

मामांनी धार सोडली. थोडी डाव्या पावलावर, थोडी उजव्या. सगळ्यांचे डोळे त्या दहा बोटांवर.

काही झालं नाही.

"गार हाय रे," रोझामामी म्हणाली आणि हसली. मामांनी कोटाच्या बाहीनं तिची पावलं पुसली, तिला उचललं आणि तिरके होऊन आत गेले.

लोक पांगले. मी तिथंच उभी होते. मास्तरांची मुलगी, बाटलीतल्या पाण्यानं कुणी बरं होत नाही हे छातीठोक सांगणारी. आणि माझी खात्रीच झाली होती की माझ्यामुळं एक बाई जन्माची खाटेवर राहिली.

मार्चमध्ये माहेरी शिरूरला गेले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देव बाटलीत नसतो, बाळ." बरोबरच होतं. पण वडिलांनी ती पावलं पाहिली नव्हती. परत आले त्याच दिवशी मी कुंपण ओलांडून गेले. मामा सायबिणीचं नाक पुसत होते.

"मामा, ते पाणी लूर्दचं नव्हतं."

"मग?"

"नळाचं होतं."

"आन् लूर्दचं?"

"मोरीत ओतलं. मला दारू वाटली."

मामा पालथ्या बादलीवर बसले. फडक्याची घडी घातली.

"वास घेतला व्हतास?"

"हो."

"जिन व्हती गो आधी त्यात. ती मावसभावानं संपवली, मग पाणी भरलं." आणि लगेच, "तुमची मोरी कुठं निघते?"

"मागं. अळवात."

मामा उठले, आमच्या परसात गेले, टोपी काढली आणि त्या अळवापुढं क्रूसाची खूण केली! ह्यांना अळूची भाजी जीव की प्राण. पण त्या वर्षी त्यातलं एक पानही खुडायचं धाडस मला झालं नाही, आणि का, ते ह्यांना सांगायचंही झालं नाही.

मला मात्र हसू येण्याऐवजी रडू फुटलं. "मामा, माझ्यामुळं मामी उठल्या नाहीत हो."

मामा माझ्यासमोर उभे राहिले. माझ्याकडं नाही, त्या खिडकीकडं पाहत होते. आणि म्हणाले,

"रडू नको गो बाय. पाणी भावानं एवढ्या लांबनं आणलं म्हणून घातलं. पाय मी पहिली दोन वर्षं मागितले, मग मागायचे सोडले. आता सायबिणीकडं माझं एकच मागणं हाय, रोझाच्या आधी मला नेऊ नको. डावा हात मानंखाली घालायचा, उजवा गुडघ्यांखाली, आन् उचलताना तिच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, ती लाजते. हे दुसऱ्या कुणाला कसं कळणार?"