ती चिठ्ठी खोटी हाय!

ताराक्का टीव्हीतल्या माणसांशी बोलतात. बऱ्याच बायका बोलतात, त्यात नवल नाही. पण ताराक्का टीव्हीतल्या माणसांनी आपलं ऐकावं अशी अपेक्षाही धरतात. मालिकेतल्या सासूनं सुनेच्या हातात दुधाचा पेला दिला की भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात आवाज येतो, "पिऊ नगंस गं! कायतरी घातलंय त्यात!" सून दूध पिते. मग, "पी. मर." आणि टीव्ही बंद होतो. पाच मिनिटांनी पुन्हा लागतो, कारण मेली की नाही तेही बघायचं असतं.

माधवनगरला आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे. मी शाळेतून निवृत्त झालेला संगीत शिक्षक; ताराक्का मला मास्तर म्हणतात. त्यांचं माहेर म्हसवडच्या पुढं, माळावर. घर मेंढपाळांचं. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या मेंढीला नावानं हाक मारायची, अशा तालमीत आवाज तयार झाला. पुढं लग्न होऊन इथं आल्या, तर नवरा सूतगिरणीत. यंत्रांच्या खडखडाटानं त्याला ऐकू कमी यायचं. म्हणजे आवाज खाली आणायचं कारण त्यांना आयुष्यात कधी मिळालंच नाही. गिरणी बंद पडली, नवरा गेला, मुलगा फौजेत. आवाज राहिला.

"सांगितलेलं बरं असतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, कुणाचं तरी काहीतरी बाहेर आलं. भाजीवाल्याच्या टोपलीत वरची वांगी ताजी आणि खालची कालची, हे त्या सगळ्या गल्लीला सांगतात, भाजीवाल्यालाही सांगतात. एकदा मी नवा शर्ट घालून निघालो तर म्हणाल्या, "मास्तर, रंग तुमाला शोभत न्हाई. सांगितलेलं बरं असतंय." मी परत जाऊन जुना घातला. तोही शोभत नाही असं त्यांचं मत पडलं.

लग्नांच्या बाबतीत मात्र ताराक्का म्हणजे संकट. गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की त्या पिशवी उचलून एसटीनं परस्पर मुलाच्या गावी जातात. तिथल्या पानटपरीवर, दळणाच्या गिरणीत, हापशावर बसतात आणि संध्याकाळी मुलाची कुंडली घेऊन येतात. पत्रिकेत नसते ती. आजवर त्यांच्यामुळं तीन सोयरिकी मोडल्या. "वाचल्या म्हणा," ताराक्का म्हणतात. हल्ली लोक हळद लागेपर्यंत त्यांना कळू देत नाहीत. एवढ्या लांबची उठाठेव ही बाई का करते, हे कुणाला कळत नव्हतं. मलाही नाही.

आता नाटकाचं सांगतो.

आमच्या सांगलीतल्या हौशी मंडळानं 'संगीत कनकवल्लरी' हे जुनं नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. दिग्दर्शक आमचे माधवराव. ऑर्गनवर मी. पदांच्या तालमी माझ्याच घरी व्हायच्या, त्यामुळं दोन महिने ताराक्कांना भिंतीतून अठरा पदं ऐकावी लागली. त्याची भरपाई म्हणून मी त्यांना पहिल्या प्रयोगाचा पास दिला.

संगीत नाटकाचा आमच्याकडचा प्रेक्षक कसा असतो, ते आधी सांगायला हवं. पुढच्या तीन रांगांत जुने रसिक. ते मांडीवर ताल धरतात आणि पद संपलं की शेजाऱ्याला सांगतात, "ठीक आहे. पण आम्ही ऐकलंय ते वेगळं." एक निवृत्त फौजदार पहिल्या अंकापासून झोपतात, टाळ्यांनी जागे होतात आणि डोळे उघडायच्या आत "वन्समोर!" असं ओरडतात. एकदा त्यांनी मध्यंतराच्या घोषणेला वन्समोर दिला होता. मागं तरुण मंडळी मोबाइल वर धरून नाटक रेकॉर्ड करतात, म्हणजे घरी जाऊन न बघायला बरं. आणि या सगळ्यांत कथानकाकडं कुणाचंच लक्ष नसतं. कथानक म्हणजे दोन पदांच्या मधली दम खायची जागा.

त्या दिवशी भरल्या नाट्यगृहात कथानक बघणारं एकच माणूस होतं. सातव्या रांगेत, पदर खोचून.

तिसऱ्या अंकात प्रधानाचा मुलगा कनकवल्लरीला एक खोटी चिठ्ठी आणून देतो. तिच्या प्रियकरानं दुसरीशी लग्न केलं, असं तिच्यात लिहिलेलं असतं. ती ढसाढसा रडते, प्रधानपुत्राशी लग्नाला हो म्हणते आणि मग मुंडावळ्या बांधून, पाटावर बसून नाटकातलं सगळ्यात गाजलेलं, विरहाचं पद गाते. आमची सायली ते फार सुंदर म्हणते. एरवी ती औषधांच्या दुकानात असते. तिनं डोळे मिटले, मी सूर दिला, तिनं पहिला आलाप घेतला, आणि—

"अगं ए पोरी! ती चिठ्ठी खोटी हाय!"

माझा हात चुकीच्या पट्टीवर पडला. सगळं नाट्यगृह मागं वळलं. ताराक्का उभ्या होत्या.

"रडतीस काय! ह्या मुडद्यानंच लिवलीया ती, म्या बघितलं न्हवं मगाशी! अक्षर बघ की त्याचं! आन् ईचार त्याला!"

प्रधानपुत्राचं काम करणारा आमचा देशमुख दचकून दोन पावलं मागं सरकला. तो स्वभावानं इतका गरीब आहे की त्यानं मान खाली घातली. पहिल्या रांगेतून "शूऽऽ" आलं. फौजदार जागे झाले आणि म्हणाले, "वन्समोर!"

ताराक्कांना वाटलं, आपल्यालाच सांगतायत. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक झाली. माधवरावांचा चेहरा काळवंडलेला. "ती बाई पुन्हा आत येता कामा नये," हा ठराव मंजूर होत असतानाच कुणीतरी इथल्याच एका पेपरातलं परीक्षण घेऊन आलं. समीक्षकानं लिहिलं होतं की, 'प्रेक्षागृहातून अचानक उठणारा लोकस्वर ही दिग्दर्शकाची धाडसी आणि अभिनव योजना आहे.' माधवरावांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "खरं म्हणजे हे माझ्या डोक्यात होतंच."

ते स्वतः पेढे घेऊन ताराक्कांकडं आले. मी मधे बसलो होतो.

"आक्का, पुढच्या प्रयोगालाही असंच बोलायचं बरं का. अगदी असंच."

"बोलायचं म्हंजी?"

"तेच. चिठ्ठी खोटी आहे म्हणून."

ताराक्कांनी पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली. माधवरावांना ती होकारार्थी वाटली.

पुढच्या प्रयोगाला बाहेर पाटी लागली, 'हाउसफुल्ल'. लोक पदांसाठी आले नव्हते, ते उघड होतं. सगळे सातव्या रांगेकडं वळून बसले होते. तिसरा अंक आला. चिठ्ठी आली. सायली रडली. तिनं आलाप घेतला, थांबली, पुन्हा घेतला. मी सूर धरून ठेवला. माधवराव विंगेतून हातवारे करत होते. ताराक्का शांतपणे शेंगा खात होत्या.

प्रयोगानंतर माधवराव जवळजवळ रडकुंडीला आले. "आक्का, बोलला का नाहीत?"

"मागल्या ऐतवारी सांगितलंय न्हवं तिला? एवढं सांगून बी पुन्यांदा त्याच चिठ्ठीवर इस्वास ठिवत आसंल, तर तिचं ती बघंल. मी काय तिच्या मागं किती हिंडू?"



त्यानंतर साताऱ्याचा प्रयोग. ताराक्का माझ्या शब्दाखातर गाडीत बसल्या, पण बोलणार नाही म्हणून आधीच सांगितलं. प्रयोगाच्या सकाळी सायलीचा घसा बसला. तिच्याऐवजी अनुजाला उभं करायचं ठरलं. अनुजा कॉलेजातली, एकोणीस वर्षांची. पदं पाठ, पण रंगमंचावर पाऊल पहिलंच. अंगानं किरकोळ. शालू तिला इतका मोठा झाला होता की तोच तिला नेसल्यासारखा दिसत होता. पहिले दोन अंक तिनं भीतभीतच काढले.

तिसऱ्या अंकात तिच्या हातात चिठ्ठी आली. मग लग्नाला हो म्हणून ती पाटावर बसली. डोक्याला मुंडावळ्या, समोर ती चिठ्ठी. मला ऑर्गनपाशी बसल्या बसल्या ताराक्का दिसत होत्या. त्या उठल्या. माझ्या मनात आलं, ही पोरगी नवीन, हिला अजून सांगितलेलं नाही.

पण आवाज नेहमीचा नव्हता.

"हौसा," त्या म्हणाल्या. "अगं हौसा, ऊठ. नगं करू हे लगीन. फसवत्यात गं तुला."

एकदोघं हसले. म्हातारीनं नाव चुकवलं असंच सगळ्यांना वाटलं. अनुजा गोंधळली. पुढचं वाक्य ती विसरली हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मी सूर दिला, तिनं घेतला नाही. ती ताराक्कांकडं बघत राहिली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली,

"मग काय करू, आजी?"

सगळं नाट्यगृह ताराक्कांकडं बघू लागलं. आता उत्तर येणार, दणदणीत येणार, म्हणून काहींनी मोबाइल वर केले. ताराक्कांचं तोंड उघडलं. मिटलं. माझ्या शेजारपणाच्या इतक्या वर्षांत मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं.

"ठावं न्हाई गं बाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी पुन्हा सूर दिला. या वेळी अनुजानं घेतला. ते पद तिनं सायलीपेक्षा चांगलं म्हटलं असं नाही. एक जागा तर चुकलीच. पण पद संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, आणि वन्समोरही आला नाही.

मुक्काम साताऱ्यातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत निघाली. ताराक्का खिडकीशी बसल्या होत्या. उंब्रज जवळ आलं तसं त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"मास्तर, जरा गाडी थांबवा. माझी धाकली भन हाय हितं, हौसा."

मी त्यांची पिशवी घेऊन बरोबर निघालो. हमरस्त्यापासून घर दहा मिनिटांवर होतं. तेवढ्या वाटेत त्यांनी सांगितलं. हौसाच्या हळदीच्या सकाळी एक कासारीण बांगड्या भरायला आली होती. ताराक्कांच्या हातात बांगड्या चढवता चढवता ती कानाशी म्हणाली, नवऱ्या मुलाची पहिली बायको हाय, म्हायेरी धाडलीया. मांडवात पाव्हणे जमलेले, वडील पटका बांधून उभे.

"तवा मी गप बसले, मास्तर. बाच्या तोंडाकडं बघितलं आन् गप बसले. आन् हळद लावली तिला. ह्याच हातानं."

"हौसाला ठाऊक आहे?"

"सांगितलंच न्हाई कवा. वरसाच्या आत पयली परत आली. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

दार एका उंच, काळ्यासावळ्या म्हातारीनं उघडलं. ती आत वळून ओरडली, "हौसे, तुझी आक्का आलीया! कवा न्हाई ती उंबऱ्याच्या आत आली, भाईर ये!" ही ती पहिली. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सवती दोघी एकाच घरात होत्या, दोन म्हशी पाळून. हौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. ताराक्कांनी बसायचीही वाट पाहिली नाही. उभ्या उभ्याच, एका दमात, सगळं सांगून टाकलं. कासारीण, बांगड्या, बाचा पटका, सगळं.

हौसाबाईंनी ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

"काय ठावं हाय?"

"तुला ठावं हुतं त्ये. काय हुतं ते न्हवतं कळलं, पर कायतरी हाय एवढं कळलं. हळद लावताना तुझा हात कसा लटालटा कापत हुता."

"मग तवा ईचारलं न्हाईस?"

"ईचारलं आसतं तर तू सांगितलं आसतंस. मग मला उठावं लागलं आसतं. उठून जायाचं कुठं?" त्या म्हणाल्या. "रडले लय वर्सं, ते खोटं कशाला बोलू? तुझा राग बी लय आला. पर आता ही हाय."

"ही म्हंजी कोण? नाव न्हाई व्हय मला?" पहिली आतून म्हणाली. "आन् पाव्हण्यास्नी बसाय तरी दे. दूध उतू चाललंय, बघ!"

"तूच बघ की! चुलीम्होरं तू हायस!"

त्या दोघींची जुंपली. तेवढ्यात हमरस्त्यावरून आमच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. माधवरावांना सांगलीला वेळेत पोचायचं होतं. मी पिशवी उचलली. हौसाबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आतल्या खुंटीला अडकवली.

ताराक्का खुंटीकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या. अख्ख्या माधवनगरला काय करावं आणि काय करू नये हे सांगणारी ही बाई, लहान पोरीनं विचारावं तसं हळूच म्हणाली,

"मास्तर, ऱ्हाऊ व्हय?"

मी म्हटलं, "ऱ्हावा की, आक्का."