अक्कांचं अर्धवेळ कल्याण

आमच्या शेजारच्या महानंदाक्का दर शनिवारी दुपारी लॅपटॉपशी भांडतात. मधे एकच भिंत, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येतं.

पन्नाशी उलटलेली, सरकारी कचेरीत नोकरी, घरात एकट्या. मागच्या वर्षी त्यांनी एका परदेशी विद्यापीठात ‘मानवी कल्याण आणि आंतरराष्ट्रीय विकास’ या विषयाच्या अर्धवेळ एम.ए.ला नाव घातलं. वर्ग ऑनलाइन. “बढती मिळणार का?” असं कुणी विचारलं की भडकायच्या. “शिकायला कारण लागतंय व्हय? सीरियल बघताना इचारता का, बढती मिळते का म्हणून?”

पण खरा राग अभ्यासक्रमावर. “एक ते दहात किती सुखी, असं लोकांना विचारायचं म्हणे! सुख काय टॉवेलची साइज हाय?”

एकदा सरांनी पडद्यावर डोक्यावर घागर घेऊन हसणाऱ्या बाईचा फोटो दाखवला आणि साधेपणातल्या समाधानाबद्दल बोलू लागले. अक्का उसळल्या, “अहो, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? फोटो काढताय म्हणून हसली ती! आधी घागर उतरवा की!”

माइक चालू राहिला होता. सरांनी मोठ्या उत्सुकतेनं अर्थ विचारला. अक्कांनी ठोकून दिलं, “आमच्याकडं खुशाली अशीच विचारतात.” पुढच्या शनिवारी भिंतीपलीकडून गोरा आवाज आला, “महानंदा, डोको ठिकानावर हाय का?” मग आठवडाभर अक्का कुणाशी धड बोलल्या नाहीत.

पुढं प्रबंधासाठी मुलाखती घ्यायच्या होत्या. मुलाखत घेणाऱ्यानं भावनिक अंतर ठेवावं, असा नियम. “अंतर ठेवा म्हणे! मी काय ट्रक हाय?”

मीच त्यांना स्कूटरवरून शहराबाहेरच्या कुंभारी गावाला नेलं. नरसम्मा नावाच्या म्हाताऱ्या बाई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवत होत्या. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. अक्कांनी घसा साफ करून पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?”

नरसम्मांनी कपाळ दाबलं. “बाई, सकाळधरनं डोकं लई दुकतंय. काय इचारायचं ते लवकर इचारा की.”

अक्कांनी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला. मग उठल्या. “तेल कुटं हाय?”

नरसम्मांनी फळीकडं बोट दाखवलं. अक्का बाटली घेऊन त्यांच्या मागं बसल्या, एवढासा अंबाडा सोडला आणि तेल चोळू लागल्या.

“अक्का, रेकॉर्डिंग चालू आहे,” मी हळूच म्हणाले.

“बंद कर गं ते!” अक्का खेकसल्या.

नरसम्मांचे डोळे मिटत गेले. अक्कांनी सावकाश केस विंचरले, बारीक वेणी घातली. दुसरा प्रश्न काही विचारला नाही.

परत येताना, मुलाखत वाया गेली म्हणून अक्का चिडल्या असतील, असं मला वाटलं. एमआयडीसीजवळ मागून आवाज आला, “आईचे केस शेवटी असेच पातळ झाले होते. ती गेल्यापासून संध्याकाळी हातांना कामच उरलं नाही बघ.”

मी स्कूटरचा आरसा जरा खाली वळवला. आरशात पाहिलं. तेलानं माखलेले दोन्ही तळवे पदराला न पुसता त्यांनी तसेच मांडीवर उघडे ठेवले होते.