अकरा मिनिटांची पकड

गोकुळ गाडेकरांच्या घरात माघार घेणं बंद झालं होतं! तसं त्यांनी सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात, ज्युदो वर्गाच्या कार्यक्रमात, माईक हातात घेऊन जाहीरच करून टाकलं.

"सोडून देणं हा शब्दच आम्ही घरातून हद्दपार केलाय!"

समोरच्या साठेक पालकांनी टाळ्या वाजवल्या. पत्नी मेघा मात्र छताच्या पंख्याकडे बघत बसली.

गोकुळरावांची बारा वर्षांची मुलगी श्रेया हिनं आजवर तबला, पोहणं, कथक, स्केटिंग आणि अबॅकस असे पाच वर्ग धरले आणि पाचही सोडले. तबल्याचे गुरुजी तिचं आडनाव विचारेपर्यंत ती घरी परतलीसुद्धा होती! ज्युदो मात्र आठ महिने टिकला. पुंजाराम सरांनी पोरीच्या अंगात चिकाटी भरली, यावर गोकुळरावांचा ठाम विश्वास होता, आणि ती चिकाटी सगळ्या शहराला दाखवायची होती.

शेंद्र्याच्या कारखान्यात मालाचे नमुने तपासणारा माणूस तो. बेतही मिनिटावर आखलेला. अकरा वीसला बाप-लेकीची लढत. श्रेया त्यांना पाडून पकड घालणार. ती पकड सोडणार नाही, गोकुळराव हार मानणार नाहीत. अर्ध्या मिनिटानं सर "थांबा" म्हणणार. मग दोघांचा वाकून नमस्कार आणि गोकुळरावांचं चिकाटीवर दुसरं भाषण.

"नियम ध्यानात आहे ना?" सरांनी श्रेयाला विचारलं.

"हो सर. समोरच्यानं मॅटवर दोनदा थापटलं, म्हणजे हरलो म्हणून कबूल केलं, तर सोडायचं. नाहीतर तुम्ही थांबा म्हणालात तर. तोंडानं कोणी काही ओरडलं तर ऐकायचं नाही."

"शाब्बास!" म्हणाले गोकुळराव. सगळ्यात मोठ्यानं तेच म्हणाले!

अकरा वीसला श्रेयानं त्यांची बाही धरली, पायात पाय घातला, आणि पुढच्या क्षणी गोकुळरावांना थेट मंगल कार्यालयाचं झुंबर दिसलं. एक हात मानेखालून गेला, दुसऱ्यानं त्यांचा दंड बगलेत दाबला गेला, आणि छातीवर गव्हाचं पोतं टाकावं तशी पोरगी आडवी झाली. गोकुळराव हादरले! हिला कालपर्यंत लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं!

बिडकीनहून खास आलेले त्यांचे वडील अप्पाराव पहिल्या रांगेतून गरजले. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. "अरं गोकुळ, पाठ टेकली की तुही! झाली कुस्ती, ऊठ!"

"अप्पा, ही... कुस्ती... नाही!"

"पाठ टेकल्यावर आनखी काय राह्यलं रं?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. साडेअकरापासून कार्यालय एका साखरपुड्याला दिलेलं होतं, आणि पाहुण्यांची बस फाटकात सरांच्या जीपमुळे अडकली होती.

"गाडेकर साहेब, चालू द्या! दोन मिनिटांत आलोच!" म्हणत सर बाहेर पळाले.

आता "थांबा" म्हणणारं कोणी उरलं नाही. हर्सूलच्या तुरुंगातूनसुद्धा माणूस कधीतरी रजेवर सुटतो, पण या पकडीला रजा नव्हती!

"श्रेया," चार मिनिटांनी गोकुळराव पुटपुटले, "जरा ढिलं कर."

"थापटा मग."

"मी थापटलं तर तू काय शिकशील?"

"आणि मी सोडलं तर तुम्हीच म्हणाल, सहावा क्लास सोडला!"

पोरगी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सोडत नव्हती, आणि ते काहीतरी म्हणजे नेमके गोकुळराव होते!

अकरा सत्तावीसला मांडववाले सोफा घेऊन आत आले.

"अंकल, उठते क्या? इधर नवरा-नवरी का सोफा लगाना है."

"उठ नहीं सकते!"

"तबीयत खराब है क्या?"

"नक्को छेड रे," दुसरा म्हणाला, "घर का मामला दिखता!" आणि त्यांनी मॅटच्या दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा सोडायला सुरुवात केली.

साडेअकराला पाहुणे शिरले. नवऱ्या मुलाची आजी कडूबाई पेढ्यांचं ताट घेऊन पुढं आली आणि जागच्या जागी थिजली.

"अगं बाई! ही कोनाकडली मान्सं?"

"मुलीकडची असतील," मुलाकडचे म्हणाले.

"छे, मुलाकडची!" मुलीकडचे म्हणाले.

"दिवसाढवळ्या पिऊन पडलंय," मुलीचा मामा मोतीराम म्हणाला. "पोर बिचारी उचलायला बघती त्याला."

"पिलेलो... नाही!" गोकुळराव कसेबसे ओरडले. मान दाबलेल्या माणसाचा आवाज जसा निघतो तसाच निघाला. मामाची खात्रीच पटली!

"पावनं," मामा कडूबाईंना म्हणाला, "असली मान्सं असतील तुमच्यात, तर आमाला जरा इचार करावा लागंल."

कडूबाईंनी पेढ्यांचं ताट पदराखाली ओढून घेतलं. मेघा धावत मॅटपाशी आली.

"अहो, थापटा! लोकांचं लग्न मोडतंय!"

गोकुळरावांनी डोळे मिटले आणि हात आपटला.

"दोनदा, पप्पा."

त्यांनी पुन्हा आपटला. अकरा एकतीस! आणि त्याच क्षणी दारातून धापा टाकत सरांचा आवाज आला, "थांबा!"

फक्त एका श्वासाचा उशीर झाला होता!

श्रेया उठली. ती नाचेल, हात वर करेल, असं सगळ्यांना वाटलं. पण ती बापाकडे अशी बघत होती, जणू त्यांनी भर रस्त्यात तिचं बोट सोडलं होतं.

"पप्पा, तुम्ही सोडलं?"

"अगं, त्या लोकांच्या लग्नासाठी—"

"नाही. तुमच्या पायात गोळा आला होता. मला कळत होतं, पाय वळवळत होता."

"व्हय, वळवळत व्हता," अप्पारावांनी साक्ष दिली. "म्याबी पाह्यला."

मेघानं मोतीराममामाला सगळा प्रकार समजावला. साखरपुडा झाला, गाडेकरांना पेढे मिळाले. गोकुळरावांचं दुसरं भाषण तेवढं राहून गेलं.

सोमवारी संध्याकाळी श्रेयानं त्यांना हाताला धरून वर्गावर नेलं. सरांच्या टेबलावर प्रवेशाचा कागद तयारच होता, तिच्या गोल अक्षरात भरलेला. विद्यार्थ्याचं नाव : गोकुळ अप्पाराव गाडेकर. वय : एक्केचाळीस. प्रवेशाचं कारण : चिकाटी नाही.

"साहेब, जागा फक्त सात ते नऊ वर्षांच्या बॅचमध्ये आहे," सर खाली बघत म्हणाले. "चालेल?"

गोकुळरावांनी मुलीकडे पाहिलं. तिनं त्यांची बाही अजून सोडली नव्हती. त्यांनी निमूट खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी सही करायला वाकले.

श्रेयानं पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तिथं नाही, पप्पा. ती जागा पालकांची आहे."