यंत्राजवळची मिठाची वीट

जून निम्मा झाला तरी पाटात जेमतेम घोट्यापर्यंत पाणी होतं, तेव्हा वर्लन क्रॉशॉने चोर ठरवून टाकला: वरच्या शेतातला डेलॉस. पुरावा एवढाच, की डेलॉस हल्ली लांबूनच हसून हात करायचा.

"डोंगरावर बर्फ भरपूर. अंदाज भरपूर पाण्याचा. म्हणून मी चाळीस एकर नवी लसूणघास पेरली, ती आता माना टाकतेय," वर्लनने पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकरीण नॉर्माला तिच्या दारातच गाठलं. "डेलॉसची झडप तपास."

"सकाळीच तपासली. कुलूप माझंच आहे."

"किल्ली करून घेतली असेल."

"अरे बाबा, वितळलेलं बर्फ आधी जमीन पिते. ती कोरडी असली की आपल्याला उरलंसुरलं."

"पण जमीन ओली होती! डोंगरावरच्या तुमच्याच ओल मोजणाऱ्या यंत्राने सांगितलं ना?"

"तेच कळत नाही. हिवाळ्याआधी दोन महिने पाऊस नाही, आणि यंत्र म्हणे माती चिंब."

"बघ! डेलॉसने तिथे बादल्या ओतल्या. मला बुडवायला!"

शेवटी वैतागून नॉर्माने वर्लन आणि डेलॉस दोघांनाही गाडीत घातलं आणि डोंगरावर नेलं. यंत्राच्या डब्यामागे, झुडपांच्या आडोशाला, जमीन खुरांनी तुडवलेली होती. जुन्या टायरात मिठाची वीट होती, गाईंनी चाटून चाटून वाटीसारखी केलेली.

"खाऱ्या मातीत यंत्राला ओलच ओल दिसते," नॉर्मा म्हणाली. "शिवाय तीस गाई महिनाभर इथेच उभ्या राहून..." तिने नाक मुरडलं.

वर्लन उसळला. "सापडला! यंत्राशेजारी मीठ ठेवणारा गाढव कोण? बोल डेलॉस!"

डेलॉसने बुटाने टायर उलटा केला. खाली लाल रंगात ठसठशीत नाव होतं: क्रॉशॉ.

वर्लनला सगळं आठवलं. डेलॉसच्या गाई आपलं मीठ चाटतात या संशयाने हिवाळ्याआधी त्यानेच ती वीट इथे लपवली होती. त्याच्याच मिठाने अंदाज फुगवला, आणि त्याच अंदाजावर त्याने चाळीस एकर पेरलं. लाजेने त्याचे कान तापले.

"माझ्या पाण्याच्या पाळीतला एक दिवस घे," डेलॉस हळूच म्हणाला. "कोवळी घास आहे, जगेल."

तिघं गाडीने डोंगर उतरले. डेलॉस आपल्या फाटकाशी उतरला, हसला, हात करून गेला. वर्लन त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"नॉर्मा," तो कुजबुजला, "अख्खा दिवस देतोय. त्याच्याकडे एवढं पाणी आलं कुठून?"