डाव्या दाराचा खटका

आमचे आबा रबर चावून बघतात. खोटं नाय सांगत. आबा म्हणजे माजे सासरे, वय सत्तरच्या पुढं, पण दाढा शाबूत, आणि त्या शाबूत कशाला ठेवल्यात तर रबर चावायला. त्यांच्या जुन्या ट्रकच्या काचेभोवतीची काळी रबरपट्टी पार्सलातून आली की आधी हुंगतात, मंग दाढेखाली धरतात, डोळे मिटतात, आणि आमी सगळ्यांनी निकाल लागायची वाट बघत उभं राहायचं. "चपलेचं रबर हाय," असं बोलून थुंकले की पार्सल परत. लोखंडाचा पार्ट असला की पायरीच्या दगडावर वाजवतात आणि कान लावतात. "बोलत नाय," बोलतात. "माल बोलला पायजे गो. हा मुका हाय."

लग्न करून मी या घरात आले, शहापूरच्या अलीकडं आमचं गाव, तवा माज्या माहेरच्या भांड्यांचं टोपलं खाली उतरलं नाय तोच आबांनी तांब्या उचलून पायरीवर वाजवला. माजी मावशी पाठराखीण आलेली, तिचं तोंड एवढंसं झालं. आबा बोलले, "बोलतो. चांगला बोलतो." मी रडायलाच लागले. मला वाटलं आता मला वाजवतात.

आता ट्रकचं सांगते. आताच्या ट्रकांचं तोंड सपाट असतं ना, आबांच्या ट्रकला पुढं लांब नाक हाय. मुरबाडच्या बाजूचं गवत आबा त्यात भरून न्यायचे, जवानीत. नंतर गाडी बंद पडली, पार्ट मिळेनात, बनवायचेच बंद झाले. पण आता म्हणे जुन्या गाड्यांचे हौशी लोक वाढलेत, म्हणून कोण कोण जुन्यासारखे हुबेहूब पार्ट नव्यानं बनवतात. त्यातले बरेच नुसते दिसायला हुबेहूब. चांगला माल शोधायचा म्हणजे आबांचा दिवसभराचा धंदा. फोनवर अनोळखी माणसाला विचारणार, "लोखंड कुटलं? वाजवून दाखव. थांब, फोन जवळ धर." नि कुठला तरी माणूस तिकडं खरंच पार्ट वाजवून दाखवतो, मी कानानं ऐकलंय.

मी त्या ट्रकवर जळायचे. ट्रकवर कोण जळतं काय? मी जळायचे. शेडवर नवे पत्रे, माज्या चुलीवर जुने गळके. दिव्यांच्या काचा पुसायला माज्या पोराचं मऊ दुपटं. खोबरेल तेलाची बाटली माज्या केसांसाठी आणलेली, निम्मी सीटच्या चामड्याला. शेजारच्या मंदाच्या सासऱ्यानं तिला गाऊनचं कापड आणलं, माज्या सासऱ्यानं काय आणलं, तर साइड लायटीची वाटी. आणि आबा माज्याशी दिवसात चार शब्द बोलायचे, त्यातला एक "चा". ट्रकशी मात्र तासभर. एखादी लाडकी नणंद माहेरी येऊन बसावी नि कदी सासरी जाऊच नये, तसं झालं होतं मला.

तरी गप होते. पण मंग माज्या पोराच्या जावळाची गोष्ट आली.

आमच्यात पोराचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, वर्ष भरायच्या आत, नाय तर सरळ तिसऱ्या वर्षी. माजा भाऊ माहेरी, मुरबाडच्या पलीकडं वैशाखऱ्याला. आईचे गुडघे गेलेत, तिला प्रवास होत नाय, तिनं नातवाला अजून डोळ्यानं बघितलं नव्हतं. मी बोलले एसटीनं जाऊन येते. आबा उखडले.

"माजा नातू पयल्यांदा मामाकडं एसटीनं जानार? घरात गाडी असताना?"

"पण आबा, गाडी चालू झाली ना?"

"चालू झाली. पन डाव्या दाराला खटका नाय."

खटका म्हणजे दार बंद केल्यावर आत अडकतो तो. आबांनी तीन खटके मागवले, तिन्ही मुके निघाले. पंजाबातला एक बनवणारा माल चांगला देतो असं कळलं, पण तो बोलला, जुना नमुना पाठवा, तसाच बनवून देतो. आबा काय नमुना पाठवायला तयार नायत. "पोस्टात हरवला तर?" झालं. आमचे हे वाशिंदला कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी, मी रडले की बोलायचे, "बाबांच्या नादी लागू नको," आणि झोपायचे.

इकडं पोराचे, आमच्या बाबूचे केस डोळ्यात यायला लागले. मी वर बांधून शेंडी केली. मंदा रोज कुंपणावरून विचारायची, "काय गो कांचन, पोरगी झाली ना तुला?" वर्ष भरायला महिना राहिला, मंग वीस दिवस. तिसऱ्या वर्षापर्यंत आई हाय का नाय कुणाला ठाऊक, असं मनात यायचं नि मी स्वतःच्याच तोंडावर मारून घ्यायचे.

त्यात एक दिवस भंगारवाला आला, टेम्पोत रंगीत टब घेऊन. जुनं लोखंड द्या, टब घ्या. मी तुटका झारा दिला, बिजागऱ्या दिल्या, तरी कमी पडलं. शेडमधल्या फळीवर फडक्यात बांधलेलं एक गंजकं लोखंड होतं. नमुना म्हणजे तेच, हे मला ठाऊक नव्हतं, देवाशप्पत. पण ते ट्रकचं हाय हे ठाऊक होतं. म्हणूनच दिलं. खरं ते सांगते. फडकं तेवढं ठेवलं, मऊ होतं, धुऊन बाबूच्या गळ्याला लाळेरं बांधलं.

संध्याकाळी आबा चा पीत बसले नि त्यांची नजर पोराच्या गळ्यावर गेली.

"हे फडकं कुटून आलं गो?"

मी बोटानं टब दाखवला.

आबा उठले, टबाजवळ गेले, बोटाच्या पेरानं टब वाजवला. "बोलत नाय," बोलले, एकदम हळू. मला वाटलं होतं ओरडतील, हाताला धरून बाहेर काढतील. ते नुसते खाली बसले, चा गार झाला तरी बसलेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं आमी शहापूरला भंगारवाल्याच्या वखारीत, मी, कडेवर बाबू, नि आबा. लोखंडाचा ढीग माज्या डोक्याएवढा. आबांनी धोतर खोचलं नि एकेक तुकडा दगडावर वाजवायला सुरवात केली. भंगारवाला कपाळाला हात लावून बोलला, "आबा, हे देऊळ नाय हो, किती घंटा वाजवाल?"

"तू तुजा काटा सांभाळ."

सगळे तुकडे मला सारखेच दिसत होते. मी पण वाजवायला लागले, भीतीनंच, काय कळत नव्हतं तरी. दुपार कलंडली. मंग एक तुकडा आबांनी वाजवला नि दुसऱ्यांदा वाजवलाच नाय. नुसता अंगठा फिरवत राहिले त्याच्यावर.

"हा बघ. हितं झिजलाय."

"गंजलाय, आबा."

"गंज नाय. बोट हाय. तुज्या सासूचं."

सासूला मी बघितलेलंच नाय, भिंतीवरच्या फोटोतच. आबा ढिगाकडं बघत बोलत होते. हा खटका नीट लागायचा नाय. गवत भरून येताना सासू डावीकडं बसायची, मांडीवर आमचे हे, तान्हे. एक हात पोराला, एक हात खटक्याला, बोट आत घालून. सरळगावपासून शहापूरपर्यंत, किन्हवलीच्या सगळ्या खड्ड्यांतनं. उतरली की बोट सुजलेलं.

"मंग नवीन बसवायचा ना?"

"बसवला. स्वस्तातला, मुका. वळनावर उघडला." आबांनी अंगठा परत झिजल्या जागी ठेवला. "धरली मी तिला, पदराला. पन त्याच्यानंतर हाच जुना परत बसवला तरी तिचा भरवसा गेला तो गेलाच. शेवटपर्यंत हात दारालाच." मंग माज्याकडं न बघता बोलले, "तू त्या जागेवर बसनार. पोर घेऊन. कसा बी बसवू काय?"

मला जमिनीत जावंसं वाटलं.

रिक्षात बसल्यावर खटका आबांनी माज्या हातात दिला. "पाठव पंजाबला. घरात ठेवून पन हरवतोच." पत्ता मी लिहिला, सातवीच्या अक्षरात, दोनदा, आत नि बाहेर. मंग माजी झोपच उडाली. कुरियरवाल्याची गाडी वाजली की धावायचे. वर्ष भरायला चार दिवस होते तवा पार्सल आलं. आत दोन खटके, जुना नि नवा. आबांनी पायरीवर जुना वाजवला. नवा वाजवला. परत जुना. मंदा पण कुंपणाला लागून उभी. शेवटी आबांनी नवा माज्या कानाला लावून वाजवला नि विचारलं, "बोलतो?"

मालाचा निकाल पहिल्यांदाच मला विचारला त्यांनी. मी बोलले, "बोलतो." खरंच बोलत होता, लांब, तांब्यासारखा.

दुसरा दिवस नुसता दार आपटण्यात गेला. आत बसून, बाहेरून, खांदा देऊन. मंदानं विचारलं, भांडण झालं का गो घरात.

जावळाचं काय सांगू, झालं. बाबू मामाच्या मांडीवर मुतला, आईनं ओवाळलं नि किती वेळ त्याला सोडेचना. ते सगळ्यांच्या घरी होतं. मला सांगायचंय ते जातानाचं, वाटेतलं. आमचे हे मागं हौद्यात पेंढ्यावर झोपलेले. पुढं आबा नि मी नि बाबू. किन्हवलीच्या पुढं गाडी हलायला लागली नि माजा हात आपोआप दाराकडं गेला. मी काय घातला नव्हता, गेला तो.

"सोड," आबा बोलले.

मी सोडला. दोन्ही हात पोराला.

तेवढ्यात मोठं वळण आलं. आबांची नजर रस्त्यावर, आणि त्यांचा डावा हात गेरवरून सुटला नि आडवा माज्या नि बाबूच्या पुढं येऊन थांबला, फाटकाच्या दांड्यासारखा. दार घट्ट होतं, खटका एवढासाही हलला नाय, तरी हात तिथंच, वळण संपेपर्यंत. मी त्या हाताकडं बघितलं नि एवढे दिवस ट्रकवर जळले ते काहीच नाय एवढी जळले, त्या फोटोतल्या बाईवर. कारण तो हात माज्यासाठी नव्हता. तिथं जायची सवय त्याला माज्या जन्माआधीपासूनची. मागं पेंढ्यावर आमचे हे घोरत होते, मला इंजिनाच्या वरताण ऐकू येत होतं.

आबांच्या लक्षात आलं तवा हात परत गेरवर गेला.

"गेर अडकतो जरा," ते बोलले.

गेर कशाला अडकतोय. त्याचा पार्ट मागच्याच साली आलाय, हुंगून, वाजवून, दोनदा परत पाठवून बसवलेला. पण मी बोलले, "हो आबा, अडकतो," आणि पुढच्या वळणाची वाट बघत बसले.